कष्ट म्हणजे काय करायचे?

दरवर्षी जूनच्या शेवटी मी माझ्या तिसरीच्या वर्गाला निबंध देते, ‘माझे आजोबा’. दहा ओळी. वह्या घरी आणते आणि चार-पाच वह्या तपासून झाल्या की पुढच्या वहीतलं वाक्य न उघडताच सांगता येतं. ‘माझे आजोबा खूप कष्टाळू आणि प्रेमळ होते. त्यांनी कुटुंबासाठी खूप कष्ट केले.’ अक्षर मुलाचं असतं, वाक्य घरातल्या मोठ्यांचं. स्वयंपाकघरातून, गॅस बारीक करता करता, तुम्ही ते सांगितलेलं असतं. मनापासून सांगितलेलं असतं, यात मला तिळमात्र शंका नाही.

गेल्या वर्षी मी वह्या परत देत होते, तेव्हा एक मुलगा बाकावरून उठून टेबलाशी आला. वहीतल्या त्या वाक्यावर बोट ठेवून त्यानं विचारलं, “बाई, कष्ट म्हणजे काय करायचे?”

मी म्हटलं, “खूप काम करणं.”

“हो, पण काय करायचे?”

त्याला क्रियापद हवं होतं. आजोबा उचलायचे, ठोकायचे, शिवायचे, चालवायचे, लिहायचे, की नांगरायचे? वाक्य त्याच्याकडून दोनदा शुद्धलेखनासह लिहून घेतलं होतं आणि तरी त्याला आजोबा दिसत नव्हते. मी त्याला म्हटलं, घरी जाऊन विचार. तो गेला. माझ्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही, कारण हाच प्रश्न माझ्या घरात पूर्वी एकदा विचारला गेला होता आणि तेव्हा उत्तर मला येत नव्हतं. माझ्याच वडिलांबद्दलचं. म्हणून आज तुमच्याशी बोलायला बसले आहे.

माझे बाबा गिरणी कामगार. देवगड तालुक्यातलं गाव. १९५१ साली, सोळाव्या वर्षी, ते बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरले. चुलत्यांच्या ओळखीनं लालबागच्या एका गाळ्यात पथारी टाकायला जागा मिळाली. पुढची एकतीस वर्षं ते एकाच मिलमध्ये होते. हे मला ठाऊक होतं. ‘बाबांनी आमच्यासाठी खूप खस्ता खाल्ल्या’ हेही मी भाषणात, लग्नघरात, नातेवाइकांत कितीदा बोलले असेन. २००८ साली माझ्या मुलानं, तेव्हा तो आठ वर्षांचा होता, त्यांना सरळ विचारलं, “आजोबा, तुम्ही मिलमध्ये नक्की काय करायचात?” मी चाळीस वर्षांची झाले होते आणि हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता.

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “रद्दी आण.”

वर्तमानपत्राच्या त्यांनी लांब पट्ट्या फाडल्या. कात्री नाही, फक्त अंगठ्याचं नख, आणि पट्ट्या फुटपट्टीनं आखल्यासारख्या सरळ. बारा पट्ट्या फरशीवर उभ्या मांडल्या, वरच्या टोकावर पाटा ठेवला. “हा ताणा. असल्या पट्ट्या समज दोन-तीन हजार.” मग एक पट्टी आडवी घेतली. एक सोडून एक उभी पट्टी उचलायची, खालून आडवी सरकवायची, बोटांनी ठोकून घट्ट बसवायची, मग उचललेल्या खाली आणि राहिलेल्या वर. “हा बाणा. मशीनवर हाच धोट्यात बसून इकडून तिकडं पळतो. मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्या.” मुलगा आडवा पडून पट्ट्यांमधून बघत होता. बाबांनी त्याला दोन मशीनं दाखवली, एक फरशीवर आणि एक पाठीमागं हवेत कल्पनेची. “माझे दोन साचे. दोन्हींवर एकाच वेळी डोळा.”

त्या दुपारी मला माझे वडील पहिल्यांदा कामावर दिसले.

त्यांनी जे सांगितलं ते इथं थोडं लांबण लावून सांगते, कारण सगळं मोल त्यातच आहे. धोट्यात सुताची कांडी असते. ती काही मिनिटांत संपते. संपायच्या आत साचा थांबवून भरलेली कांडी घालायची. उशीर झाला तर कापडात आडवी पोकळ रेघ राहते, आणि ती रेघ कापड तपासणाऱ्याच्या डोळ्यांतून सुटत नाही. मग पगार कापला जातो. उभ्या हजारो धाग्यांतला एक तुटला तर तो कुठला हे शोधायचं, फणीच्या दातांतून ओवायचा आणि गाठ मारायची. ही गाठ एवढी बारीक असावी लागते की फणीतून जाताना अडता कामा नये. बाबा ती दोन बोटं आणि अंगठ्यात मारायचे, डोळ्याचं पातं लवायच्या आत. माझ्या वेणीच्या रिबिनीला, भावाच्या पतंगाच्या मांज्याला, आईच्या तुटलेल्या पोतीला ते हीच गाठ मारायचे. आम्हाला ती फक्त ‘बाबांची गाठ’ म्हणून माहीत होती. ती विणकराची गाठ आहे, जगभर साच्यावरची माणसं तीच मारतात, हे मला चाळिसाव्या वर्षी समजलं.

सूत कोरडं झालं की तुटतं. म्हणून साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, हवा मुद्दाम दमट ठेवायची, खिडक्या बंद. एप्रिल-मे महिन्यात मुंबईत, बंद खिडक्यांच्या आत, वाफेत. शेकडो साचे एकदम चालत असल्यानं शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नसे. माणसं ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलायची. लहानपणी मला वाटायचं, बाबा आमचं बोलणं लक्ष देऊन ऐकत नाहीत. मी काही सांगायला लागले की ते माझ्या डोळ्यांत न बघता ओठांकडे बघायचे. कान अधू झाले होते त्यांचे. ओठ वाचून ते माझी गोष्ट ऐकत होते, आणि मी रुसून बसायची.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली, जरा थांबून. नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. पटकन व्हावं म्हणून ओठ लावून, श्वास आत ओढून ते काढायचे. दिवसातून शेकडो वेळा. सुताचे तंतू घशात जायचे ते जायचेच. पण याच ओठ लावण्यामुळे गिरण्यांमध्ये अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना साचेखात्यात शिरू देत नसत. विटाळाच्या नावाखाली. साचेखात्यात पगार इतर खात्यांपेक्षा बरा, आणि ते दार त्यांना बंद. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. बाबा नोकरीला लागले तेव्हा कायदा बदलला होता, पण ते म्हणाले, “आमच्या खात्यात बघशील तिथं आमच्यातलेच. तेव्हा त्यात काय वाटलं नाही. आता वाटतं.” आठ वर्षांच्या नातवासमोर त्यांनी हे लपवलं नाही. मुलाला ते कळलं. ‘म्हणजे चांगलं काम वाटून दिलं नाही’, असं तो म्हणाला.

तुमच्या वडिलांचं काम वेगळं असेल. ते तलाठी असतील, एसटीचे वाहक असतील, उसाच्या फडात कोयता चालवणारे असतील, पोस्टमन, सुतार, कारकून, शिक्षक. प्रत्येक कामाला असंच आतलं अंग असतं, जे ‘कष्ट’ या शब्दात येत नाही. त्या शब्दानं आपण कामावर पांघरूण घालतो. मान दिल्यासारखं वाटतं, आणि माणूस खाली झाकून जातो.

बाबांच्या तीन पाळ्या असत. सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा, आणि बारा ते सात. रात्रपाळीच्या दिवसांत ते सकाळी घरी येत, चहा-भाकरी खाऊन आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजत. आई आम्हाला व्हरांड्यात हाकलायची. “बाबा निजलेत” एवढं म्हटलं की अख्खा मजला आवाज खाली आणायचा. शेजारणी बादलीसुद्धा अलगद ठेवायच्या. दुसऱ्या पाळीला ते निघाले की आम्ही शाळेत आणि ते आले की आम्ही झोपेत. असे सलग दिवस जायचे की बाबा म्हणजे एक पाठ आणि एक घडी केलेलं धोतर. पुढं आईनं सांगितलं, दुसरी पाळी रात्री बाराला सुटून आले की ते कंदिलाची वात मोठी न करता ओळीनं झोपलेल्यांची डोकी मोजायचे. आम्ही चौघं, शिवाय गावाहून आलेले दोन पुतणे. सहा मोजून झाली की मग पाय धुवायचे.

मुलांना वडील कमी दिसतात तेव्हा मुलं त्याचा आपला आपण अर्थ लावतात. ‘बाबांना माझ्यासाठी वेळ नाही’ हा सगळ्यांत सोपा अर्थ. तो खोडायला कोणी तरी मोठ्या माणसानं तोंड उघडावं लागतं. आमच्या घरी आईनं उघडलं, पण उशिरा. तुमच्या घरात रात्रीच्या शिफ्टला जाणारं कुणी असेल, लांबच्या लोकलनं येणारं कुणी असेल, परदेशातल्या वेळेप्रमाणे संगणकासमोर बसणारं कुणी असेल, तर मुलाला त्याच दिवशी सांगा की आज काय केलं, काय अडलं, कुणाशी बोलावं लागलं. आठवीतल्या मुलालाही ते कळतं आणि पहिलीतल्यालाही.

रविवार मात्र आमचा असायचा. तो रविवारही कुणी आयता दिलेला नव्हता, हे बाबांना चांगलं माहीत होतं. रात्रशाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण नारायण मेघाजी लोखंडे हे नाव ते आदरानं घ्यायचे. जोतीराव फुल्यांचे सहकारी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षं लावून धरलं, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. बाबा रविवारी सकाळी आमची नखं कापायचे, वह्यांना खाकी कागदाची कव्हरं घालायचे, चपलांचे अंगठे शिवायचे. दुपारी कधी राणीचा बाग. आमच्या शेजारचे काका कार्डिंग खात्यात होते, जिथं कापूस विंचरतात. त्यांना रविवारी बरं वाटायचं आणि सोमवारी कामावर गेलं की छाती आवळून यायची. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या धुळीचा आजार, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची ओळखीची खूण. आम्हा पोरांना एवढंच ठाऊक, की काकांकडे गोष्ट ऐकायला रविवारी जायचं.

बाबा गेल्यावर गावच्या घरी माळ्यावर एक लोखंडी तार सापडली, टोकाला वाकडी केलेली. तिच्यात मनीऑर्डरच्या पावत्या ओवलेल्या. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटा तुकडा असे, निरोप लिहायला. पैसे घेणाऱ्याकडे तो राहायचा. रत्नागिरी जिल्हा, आणि १९८१ साली वेगळा झालेला आमचा सिंधुदुर्ग, कितीतरी वर्षं या मनीऑर्डरींवर तगला. आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाचून दाखवायचा आणि ती तुकडा तारेत ओवून ठेवायची. चार बोटांच्या जागेत बाबांनी काय लिहिलं असेल? ‘यातले दहा पेंडीला. दोन रुपये देवळात. दम्याचा काढा संपू देऊ नये.’ ‘धाकटीला मुलगा झाला, बाळंतीण बरी. गाईचं काय झालं कळवणे.’ ‘या महिन्यात कमी आहेत. पुढच्यात भरून काढतो.’ तीस वर्षांच्या पावत्या मी जमिनीवर पसरून लावल्या. कुठंही ‘मी थकलो’ नव्हतं, ‘तुमच्यासाठी करतो’ही नव्हतं. पेंड, काढा, कौलं, बहिणीचं लग्न, फी. कुटुंबवत्सल हा शब्द मी निबंधात पुष्कळ वापरला आहे. त्याचा अर्थ मला त्या तारेवर वाचायला मिळाला.

तुमच्या घरात अशी एखादी तार असेलच. जुनी डायरी, वाण्याचं खातं, पगाराच्या चिठ्ठ्या, विम्याचे हप्ते, डॉक्टरांच्या फायली. साफसफाईत आपण ते रद्दीत घालतो आणि फोटो तेवढे जपतो. फोटोत माणूस लग्नाच्या कपड्यांत असतो.

आता अवघड भागाकडे येते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्याच हळूहळू विझल्या. मी तेव्हा चौदा वर्षांची. पहिले काही महिने घरात सणासारखं होतं, बाबा दिवसभर दिसायचे. मग गावाहून तांदूळ यायला लागले. मग माझ्या आजीचं नाव कोरलेला तांब्याचा हंडा मोडीत गेला. आईनं डबे करायला घेतले. लालबाग-परळमधल्या खानावळवाल्या बायका हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत होत्या; प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली होती. आई त्यांच्यात सर्वांत शेवटी आली. थोरल्या भावानं अकरावी सोडून छापखान्यात काम धरलं. त्या रात्री बाबांनी त्याला मारलं. एकदाच, आणि जोरात. ‘कुणी सांगितलं होतं तुला,’ असं म्हणून मारलं. मग दोघंही व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

हे मी माझ्या मुलाला सांगितलं आहे. सांगू की नको, असा विचार खूप केला. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं. पण ज्या आजोबांना राग येत नाही, भीती वाटत नाही, जे कधी चुकत नाहीत, त्या आजोबांशी नातवाला बोलता येत नाही. त्यांच्यापुढं तो फक्त हात जोडू शकतो. मार सांगताना मी कारणही सांगितलं: ज्या माणसानं सहाव्या माणसाचं डोकं मोजल्याशिवाय पाय धुतले नाहीत, त्याला त्या दिवशी मोजणी चुकल्यासारखी वाटली असावी. कारण सांगितलं म्हणून मार बरोबर ठरला, असं मी म्हटलं नाही. मुलानंही तसं समजून घेतलं नाही.

पुढं बाबा रोज संध्याकाळी कापडी पिशवी घेऊन बाहेर पडायचे आणि सकाळी यायचे. “काम बघतोय,” एवढंच. मी नववीत गेले तेव्हा शाळेचा एक फॉर्म भरायचा होता. त्यात रकाना: वडिलांचा व्यवसाय. मी पेन धरून बसले. दीड वर्षाहून जास्त काळ मिल बंद. काय लिहू, असं विचारायचीही लाज वाटत होती. बाबा सकाळचे नुकतेच आले होते. भिंतीला टेकून बसले होते, डोळे लाल. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या ओठांकडे, पाहिलं. मी काही बोललेच नव्हते तरी त्यांना कळलं.

“विणकर लिही,” ते म्हणाले.

मी लिहिलं. त्या वेळी ते उपनगरात एका बांधकामावर रात्रीची राखण करत होते, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. राखणदाराचं काम कमी म्हणून त्यांनी ते लपवलं, असं मला वाटत नाही. त्यांनी ते नीट केलं, आमच्या दोघी बहिणींची लग्नं त्याच पैशांतून झाली. पण त्यांचे हात काय जाणतात हे त्यांना माहीत होतं आणि माझ्या फॉर्मवर ते यावं असं त्यांना वाटलं.

आज मी शिक्षिका म्हणून तोच रकाना दरवर्षी तपासते. ‘नोकरी’. ‘खाजगी नोकरी’. ‘व्यवसाय’. ‘मजुरी’. मी आता मुलांना बोलावून विचारते, म्हणजे काय करतात? चाळीसपैकी पाच-सहा जणांना सांगता येतं. लिफ्टची देखभाल करणाऱ्या वडिलांच्या मुलीनं मला लिफ्टची दोरी आणि तिच्या दुसऱ्या बाजूचं वजन यांचं चित्र काढून दाखवलं. ती मुलगी वडिलांबद्दल बोलताना ज्या ठेक्यात बोलत होती, तो ठेका मला ‘खूप कष्ट करतात’ म्हणणाऱ्या मुलांच्या आवाजात ऐकू येत नाही. त्यांच्या आवाजात कर्ज असतं.

हे कर्ज आपणच अंगावर घालतो, म्हणून थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. “आजोबा रस्त्याच्या दिव्याखाली शिकले आणि तुला पंखा लागतो.” “आजोबा अनवाणी चालले आणि तुला बूट हे नकोत, ते हवेत.” मीही हे म्हटलं आहे, मुलगा पाचवीत असताना गणितात नापास झाला तेव्हा. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. माझ्या बाबांच्या आयुष्याची मी त्या क्षणी छडी केली होती. बाबा खोलीत होते. मुलगा गेल्यावर ते म्हणाले, “माझा नाव घेऊन त्याका मारू नको गो.” मालवणीत बोलले, म्हणजे फार आतून बोलले. त्यानंतर मी तसं केलं नाही.

ज्यांचे वडील हयात आहेत, त्यांच्यासाठी एक विनंती. ‘बाबा, तुमच्या आठवणी सांगा’ असं म्हणू नका. असं विचारल्यावर माणूस गांगरतो, ‘काय सांगायचं त्यात’ म्हणतो आणि टीव्ही लावतो. हातांबद्दल विचारा. पहिल्या दिवशी कोणतं हत्यार दिलं? ते डाव्या हातात धरायचात की उजव्या? उभं राहून काम की बसून? वेळ झाली हे कसं कळायचं? माझ्या बाबांना भोंगा कळायचा. तीन गिरण्यांचे तीन भोंगे आवाजावरून ते ओळखायचे. पहिला पगार कुणाच्या हातात दिला? काम बिघडलं की काय व्हायचं? डबा कुठं ठेवायचात, कोणाबरोबर खायचात? बदली कामगार म्हणून बाबा सुरुवातीची काही वर्षं रोज गेटवर उभे राहायचे. आत कुणी गैरहजर असेल तर नाव पुकारलं जायचं, नाही तर परत. ‘त्या परतीच्या वाटेवर काय करायचात?’ असं माझ्या मुलानं विचारलं. बाबा हसले. म्हणाले, चिंचपोकळीच्या पुलावर उभा राहून गाड्या बघायचो, लगेच घरी गेलो तर चुलतीला कळलं असतं. हा पूल मी हजारदा ओलांडला आहे.

आणि उत्तर हातानं द्यायला सांगा. आमच्याकडे रद्दीच्या पट्ट्या होत्या, तुमच्याकडे दुसरं काही असेल. माणूस करून दाखवायला लागला की त्याच्या तोंडून आपोआप सांगितलं जातं. मुलाला शेजारी बसवा आणि तुम्ही थोडं लांब बसा. आपल्यासमोर वडील वडील असतात. नातवासमोर ते सोळा वर्षांचे होऊ शकतात.

कवी नारायण सुर्वे यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. १९२६ च्या सुमाराला गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं मुंबईच्या रस्त्यावर टाकलेलं एक तान्हं पोर उचललं, घरी नेलं, त्याला आपलं नाव दिलं, शाळेत घातलं. त्या नावानंच पुढं मराठी कविता ओळखली गेली. पद्मश्री मिळाली, १९९५ च्या परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. गंगाराम सुर्व्यांना कुणी कष्टाळू आणि प्रेमळ म्हटलं तर ते खरंच आहे. पण एक गिरणी कामगार रस्त्यात वाकला आणि त्यानं ते पोर उचलून छातीशी धरलं, एवढं सांगितलं की तिसरीतल्या मुलालाही तो माणूस दिसतो.

बाबा २०१३ साली गेले. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात सलाईनची पट्टी सुटली म्हणून त्यानं त्यांच्या मनगटाला दोरा बांधला, आणि बाबांनी तो डोळ्यांजवळ नेऊन गाठ बघितली. नखानं चाचपली. मग मान हलवली. त्या गाठीत काही खोट नसावी, नाही तर त्यांनी ती सोडून परत मारायला लावली असती. दुकानात आमच्या शाळेच्या गणवेशाचं कापड ते असंच उजेडाकडे धरून बघायचे, आणि दुकानदाराला सांगायचे, “इथं तार तुटलेली, जोडणारा घाईत होता.” आता माझा मुलगा चादर विकत घेताना उजेडाकडे धरतो. दुकानदार चमकतात.

आणि तो, माझ्या टेबलाशी आलेला मुलगा. दुसऱ्या दिवशी त्यानं वही आणली. ‘खूप कष्ट केले’ हे वाक्य खोडलं होतं आणि खाली लिहिलं होतं: ‘माझे आजोबा बसच्या डेपोत काम करायचे. ते बसच्या खाली खड्ड्यात उभे राहायचे आणि ब्रेक बघायचे. वर बघून बघून त्यांची मान दुखायची. एकदा त्यांनी ब्रेक बघितला नसता तर बस घाटात गेली असती पण त्यांनी बघितला. ते हात ग्रीसने धुवायचे.’

शेवटच्या ओळीतलं ‘ग्रीसने’ कुणी तरी निळ्या पेनानं खोडून, थरथरत्या पण वळणदार अक्षरात वर लिहिलं होतं, ‘रॉकेलने. मग साबण.’ आणि समासात, तारखेसह, आजोबांची सही.

मी त्या पानावर लाल पेन चालवला नाही.